साठ नावांची मुनादी

सकाळचे आठ वाजले होते आणि कारखान्याच्या गेटवर बावीस माणसं उभी होती. बहुतेकांचं म्हणणं एकच. आम्ही इथं नोकरीला आहो, आमचं काम दाखवा. चौकीदार त्यांना ओळखत नव्हता. मॅनेजर ओळखत नव्हता. मी ओळखत होतो, पण चेहऱ्यानं नाही, नावानं. त्यांची नावं माझ्या बॅगेतल्या फाईलमध्ये होती, परमनंट कामगार म्हणून.

मॅनेजरनं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "साहेब, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"मी फक्त नोटीस पाठवली," मी म्हटलं.

"कसली नोटीस. काल मोहगावच्या बाजारात डफडं वाजवून नावं वाचली. माझी बायको भाजी घ्यायले गेलती. घरी येऊन मलेच विचारते, एवढे लोक केव्हा भरती केले म्हणून."

डफड्याचं मला काहीच माहीत नव्हतं.

आता जरा मागून सांगतो, नाहीतर तुम्हाला काही समजणार नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी उद्योग खात्यात इन्स्पेक्टर होतो. घर पांढुर्ण्याचं, पोस्टिंग सौंसरला. रोज एसटीसारख्याच खडखडणाऱ्या आमच्या मध्य प्रदेशच्या बसनं यायचं, तहसिलीच्या आवारातल्या एका खोलीत बसायचं आणि संध्याकाळी वापस. खोलीत एक टेबल, दोन कपाटं आणि एक सायक्लोस्टाइल मशीन होतं. मशीनची शाई संपली होती. ही शाई लक्षात ठेवा, अर्ध्या रामायणाचं कारण तीच आहे.

आमच्या भागाला सरकारनं मागास ठरवलं होतं. मागास भागात कोणी कारखाना काढला, की त्याला पाच वर्षं विक्रीकर माफ. म्हणजे कारखान्याच्या मालावर जो टॅक्स सरकारी तिजोरीत जायचा, तो कारखान्यानं भरायचा नाही. फुकटात नाही हं. अट होती. इथल्या गावांतल्या एवढ्या एवढ्या लोकांना परमनंट नोकरी द्यायची. ती दिली असेल तर आमचं खातं पात्रता प्रमाणपत्र द्यायचं, आणि तो कागद दाखवला की टॅक्सवाले गप्प. दर वर्षी कारखान्यानं कामगारांची यादी द्यायची, माझ्यासारख्या इन्स्पेक्टरनं ती तपासायची आणि प्रमाणपत्र पुढं चालू ठेवायचं.

सौंसरकडून लोधीखेड्याला जाताना रस्त्याला लागून प्लास्टिकच्या पोत्यांचा एक कारखाना होता. त्यानं साठ परमनंट माणसं दाखवली होती. आधीचे इन्स्पेक्टर यादी कशी तपासत, ते मॅनेजरनंच मला पहिल्या भेटीत दाखवलं. केबिनमध्ये बसायचं, चहा-बिस्कुट घ्यायचं, रजिस्टरवर टिकमार्क करत जायचं. मी म्हटलं, माणसं पाहू द्या. तर म्हणे अर्धी दुसऱ्या शिफ्टला आहेत. दुसऱ्या शिफ्टला गेलो, तर म्हणे अर्धी पहिल्या शिफ्टला होती. तिसऱ्यांदा गेलो तर कापूस वेचणीचे दिवस, सगळे सुट्टीवर. मशीनवर मोजून तीच सव्वीस माणसं दिसत होती, केव्हाही जा.

माझा स्वभाव थोडा कटकट्या आहे. बायको अजूनही सांगते. मी ठरवलं, की यादीतल्या प्रत्येकाला नोटीस पाठवायची : अमुक तारखेला सकाळी आठ वाजता कारखान्याच्या गेटवर हजर राहा, जाँच आहे. साठ नोटिसा छापायच्या तर शाई नाही. शाईची मागणी वर पाठवून दोन महिने झाले होते. मग मी शॉर्टकट मारला. चार गावांच्या चार याद्या कार्बन लावून हातानं लिहिल्या, नाव आणि पुढं रुजू झाल्याची तारीख. वर एकच ओळ, सरकारी हिंदीत : खाली लिहिलेले लोक या कारखान्यात स्थायी कर्मचारी म्हणून दर्ज आहेत, त्यांनी हजर व्हावं. खाली लिहिलं, तामील करावी. तामील म्हणजे कागद ज्याचा त्याच्या हाती देऊन सही-अंगठा घेणं. आणि चारही याद्या चार गावांच्या कोटवारांकडे रवाना केल्या.

कोटवार म्हणजे गावचा चौकीदार. आमच्याकडे सरकारचा गावातला पहिला माणूस तोच. जन्म-मृत्यूची खबर तो देणार, नोटीस तो पोचवणार, आणि काही सगळ्यांना सांगायचं असेल तर डफडं वाजवून मुनादीही तोच करणार. आता माझी चूक पाहा. एका माणसाचं नाव असलेला कागद कोटवार घरी नेऊन देतो. पण एका कागदावर पंधरा नावं असली, तर तो कागद देणार कोणाला? वीस वर्षं सरकारात काढलेला माणूस मी, माझ्या हे ध्यानात आलं नाही. कोटवाराच्या हिशेबानं ज्या कागदावर पुष्कळ नावं असतात, तो मुनादीचा कागद असतो.

गेटवरच्या बावीस लोकांना मी आधी एकेक करून नाव विचारलं आणि यादीवर खूण केली. एक प्रायमरी शाळेचे गुरुजी होते. भयंकर चिडलेले. "मी शासकीय शिक्षक आहो. मी पोते शिवतो, असं भर बाजारात वाचलं. माझ्या विद्यार्थ्यांचे मायबाप होते तिथं." त्यांच्या मागं एक गँगमन होता, तिगाव स्टेशनच्या पुढं रेल्वे लाइनवर काम करणारा. तो घाबरून आला होता. "साहेब, दोन जागी नोकरी आहे म्हून रेल्वे मले काढून टाकीन. मी इकडं कधी पाय नाई ठेवला." एकाचं पानाचं दुकान होतं. बाकी बरेच संत्र्याच्या बगीच्यात जाणारे. त्यांना मात्र नोकरी हवी होती आणि ते खुशीत होते.

सगळ्यात शेवटी एक बाई उभी होती. चाळिशीची, अंगावर स्वच्छ धुतलेलं जुनं लुगडं, पायात चप्पल.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम. नाव सांगा."

"शेवंताबाई. शिलाई खात्यात." तिनं मॅनेजरकडं पाहिलं. "साहेब मले ओयखतात. पण आता नाई म्हनतीन."

यादीत तिचं नाव होतं. शिलाई विभाग, स्थायी, दोन वर्षांपूर्वीची तारीख. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही इथं कामाला आहात तर.

"होती. अकरा महिने केलं. मंग म्हनलं काम कमी आहे, बलावू. आता दोन साल होऊन राह्यले, कोनी बलावलं नाई. मी संत्रा तोडाले जातो, निंदाले जातो. बारमाही काम नाई भेटत. दोन पोरी आहेत, नवरा नाई." ती हे रडून सांगत नव्हती. दुकानात भाव विचारावा तशी सांगत होती. "काल बजारात माझं नाव ऐकलं तं मले समजलंच नाई. घरी येऊन सारी रात इचार केला. म्हनलं, कागदावरची शेवंता दोन सालापासून ड्युटीवर आहे, अन् मी घरी बसून आहो. तं आता तिले घरी पाठवा अन् मले कामावर घ्या."

तपासणीच्या फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता. मी तिला एवढंच म्हटलं, की बाई, रिपोर्ट लिहीपर्यंत काही सांगता येत नाही. ती म्हणाली, "मी येत जाईन इचाराले." आणि खरंच, त्यानंतर दर दोन दिवसांनी ती सौंसरच्या आमच्या खोलीच्या दारात उभी राहायची.

त्या दिवशी मी सरळ मोहगावला गेलो. चारही कोटवारांनी आपापसात ठरवून चारही याद्या त्यांच्यातल्याच मोहगावच्या धर्माजीला दिल्या होत्या, कारण त्याचा आवाज मोठा आणि बाजारात चारही गावं येतात. धर्माजी साठीचा गडी, निरक्षर. यादी किराणा दुकानदाराकडून दोनदा वाचून घेतली आणि साठच्या साठ नावं बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट पाठ केली.

"अरे बाबा," मी म्हटलं, "हे कागद घरोघर द्यायचे होते."

"कोनाच्या घरी, साहेब? एक कागद अन् पंधरा घरं. फाडून वाटू का?"

धर्माजी थांबला नाही. तो म्हणाला, "अन् चोरीचा कागद होता का? सरकारचाच होता ना. मंग वाजवला तं बिघडलं कायचं?"

बिघडलं काय, हे दुपारी कळलं. तहसिलीतल्या फोनवर छिंदवाड्याहून आमच्या साहेबांचा ट्रंककॉल आला. साहेब जबलपूरकडचे, हिंदीत बोलत. मी मराठीत सांगतो.

"गोपनीय फाईल तुम्ही बाजारात वाजवली?"

"सर, मुनादी चुकून झाली. पण यादीत साठ आहेत, त्यातली सव्वीसच..."

"यादी मला माहीत नाही का? हा कारखाना इथं आणायला मला किती चकरा माराव्या लागल्या, ते तुम्हाला माहीत आहे का? मालकाचा फोन आला होता. म्हणतो, तुमच्या जिल्ह्यात इज्जत नसेल तर दुसरा जिल्हा पाहतो. उद्या सगळे कारखानदार म्हणतील, इथं आमचे कागद कोटवार वाचतो. कोण येईल मग?"

हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. साहेब वाईट माणूस नव्हते. आमच्या भागात कारखाना म्हणजे जिनिंग, ते पण कापसाच्या सीझनपुरतं. पोरं कामासाठी नागपूरला जात. साहेबांना खरंच वाटायचं, की चार कारखाने आले तर जिल्ह्याचं नशीब फिरेल. त्यासाठी ते यादीकडं डोळेझाक करायला तयार होते. पण मी म्हटलं, सर, टॅक्स माफ झाला तो या साठ जणांच्या नावावर. त्यांनाच माहीत नसेल तर माफी नेमकी कोणासाठी?

"लेखी हुकूम पाठवतो," साहेब म्हणाले. "मुनादी रद्द झाली, असं जाहीर करा. आणि तुम्हाला कारण दाखवा नोटीस मिळेल."

दोन्ही कागद तिसऱ्या दिवशी आले. कारण दाखवा नोटीस म्हणजे, तुमच्यावर कारवाई का करू नये ते सांगा. सरकारी माणसाचं जेवण बंद करायला एवढा कागद पुरतो. माझं दोन दिवस बंद झालंही. पोरगी कॉलेजात होती, घरावर कर्ज होतं, आणि माझ्या मनात सारखं येत होतं, की शाईच्या एका डब्यापायी आपण सस्पेंड होऊन राहिलो.

दुसरा कागद, म्हणजे रद्दचा हुकूम, घेऊन मी धर्माजीकडे गेलो. त्यानं तो वाचायला लावला, विचार केला आणि विचारलं, "रद्द कोनाची झाली?"

"यादीतल्यांची."

"ते कोन कोन, हे तं सांगा लागन ना. नुसतं रद्द झाली म्हनलं तं लोकायले काय समजन? मागं राशनची यादी रद्द झालती तं सारे नावं पुन्हा वाचा लागले होते. नाई तं लोक घरी येतात, माझी झाली का, याची झाली का."

मी थांबवू शकलो असतो. खरं सांगतो, थांबवावं असं मला वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं, "तुमची जी रीत असेल तशी करा." हुकमात रद्द जाहीर करा असं होतं, कसं जाहीर करा असं नव्हतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः मोहगावला गेलो आणि भज्याच्या दुकानापाशी उभा राहून ऐकलं. धर्माजीनं डफडं वाजवलं. आधी म्हणाला, मागच्या बाजाराले वाचलेली मुनादी सरकारनं वापस घेतली. मग म्हणाला, कोणाकोणाची वापस घेतली ते ऐका. आणि साठच्या साठ नावं, गावासकट, पहिल्यापेक्षा हळू आणि स्वच्छ वाचून दाखवली. कागद हातात होता, पण तो उलटा होता. माझ्या शेजारी भजे खाणारा माणूस म्हणाला, "बाप्पा, एवढ्या लोकायची नोकरी गेली."

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीसमोर नऊ माणसं. हे पहिल्या मुनादीच्या दिवशी बाजारात नव्हते. त्यातला एक जण तर भांडायलाच आला होता. "साहेब, नोकरी लागली हे आमाले माहीत नाई, अन् गेली हे आज ऐकून राह्यलो. मधात काय झालं, ते सांगा."

मी त्यांची नावं लिहून घेतली. आता सव्वीस मशीनवर, बावीस आणि नऊ बाहेर. तिघांचा पत्ता लागला नाही, ते यादीतलं गाव केव्हाच सोडून गेले होते. तपासणी पूर्ण झाली होती. उद्योग खात्याच्या इतिहासात एवढी पक्की तपासणी कोणी केली नसेल, आणि ती साहेबांच्या हुकमानं झाली होती.

मी साहेबांना ट्रंककॉल लावला. "सर, हुकमाप्रमाणे मुनादी रद्द झाली. नावं पुन्हा वाचावी लागली."

साहेब म्हणाले, "आता तुम्ही काही करू नका. मी येतो."

दोन दिवसांनी जीप आली. आम्ही कारखान्याच्या केबिनमध्ये बसलो, साहेब, मॅनेजर आणि मी. चहा-बिस्कुट आलं. गेटवर लोक होते, पंचवीस-तीस, शांत बसलेले. साहेब मला म्हणाले, रिपोर्टचा कागद काढा आणि लिहा, यादी सर्वसाधारणपणे बरोबर आढळली.

"सर, मी तसं लिहिलं तर सही तुमचीही लागेल. आणि आता यादी आख्ख्या बाजाराला पाठ आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मॅनेजरकडं वळून म्हणाले, "ही नावं आणली कुठून?"

मॅनेजरचा चेहरा उतरला. तो नागपूरहून आलेला, पगारी माणूस. "साठचा आकडा मालकानं लिहिला सर. नावं जमवायचं काम माझं. जुने कामगार होते ते घातले, बाकीचे मतदार यादीतून घेतले. शिक्षक कोण, रेल्वेवाला कोण, मला काय माहीत? ही यादी आम्ही सरकारला दिली होती, गावाला नाही."

मग मी जे इतके दिवस मनात घोळवत होतो ते बोललो. "सर, दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, यादी खोटी आहे. मग दोन वर्षांची माफी खोट्या कागदावर गेली, प्रमाणपत्र रद्द, आणि मागचा टॅक्सही भरा. दुसरी, यादी खरी आहे. मग ही माणसं यांची आहेत. ती बाहेर बसली आहेत. आत घ्या."

"कारखाना बंद पडेल," मॅनेजर म्हणाला.

या वाक्याला मी घाबरत होतो. कारण आतल्या सव्वीस जणांची चूल त्यावर पेटत होती, आणि त्यातले दोघं आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन हात जोडून गेले होते. माझ्या एका रिपोर्टनं ते रस्त्यावर आले असते तर मला झोप लागली नसती. मी साहेबांना म्हटलं, बाहेरच्यांनाच विचारू. आणि शेवंताबाईला आत बोलावलं.

ती दाराशीच उभी राहिली. साहेबांनी खुर्ची दाखवली तरी बसली नाही. साहेबांनी हिंदीतच विचारलं, बाई, चूक सिद्ध झाली तर कारखाना बंद होऊ शकतो, तुमचं काय म्हणणं आहे?

"बंद कायले करता? बंद करून आमाले काय भेटन. आमाले कामावर घ्या."

मॅनेजर पटकन म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून या. नवीन भरती म्हणून घेतो. सहा महिने प्रोबेशन."

मला हायसं वाटलं. झालं एकदाचं, असं म्हणून मी पेनाचं टोपण उघडलं. शेवंताबाई मात्र हलली नाही.

"नवीन म्हून नाई येत मी."

"अहो बाई," मीच म्हणालो, "काम मिळून राहिलं ना. घ्या आता."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पेन खाली ठेवलं. "भाऊ, मागच्या बारीले बी नवीनच होती मी. नवीन मानसाले काढाले काय लागते? अकरा महिन्यानं पुन्हा म्हनतीन काम कमी आहे, बलावू. पुन्हा दोन साल घरी बसून मंग तुमच्या दारात उभी राहू का?" मग मॅनेजरला म्हणाली, "तुमच्या कागदावर मी परमनंट आहो. तारीख लिहिली आहे तुमी, मुनादीत ऐकली मी. तुमीच सही केली. त्या तारखेनं घ्या. मधातल्या दोन सालाचा पगार नाई मांगत मी. जुनी म्हून घ्या."

मला लाज वाटली. वीस वर्षं फाईली वाचणारा मी, जे मला दिसायला हवं होतं ते तिनं डफड्याच्या आवाजात ऐकलं होतं. यादीत प्रत्येकापुढं रुजू झाल्याची तारीख होती. त्या तारखेवर माफी मिळाली होती. तारीख खोटी म्हणायची तर माफी गेली. माफी ठेवायची तर तारीख खरी.

साहेबांनी यादी पुढं ओढली, तिच्या नावावर बोट ठेवलं आणि मॅनेजरला म्हणाले, "सही तुमचीच आहे ना?"

"आहे सर."

"मग हजेरीच्या कार्डावर पण करा."

मॅनेजरनं मालकाला फोन लावला. बाहेर जाऊन अर्धा तास बोलला. आत आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता, पण मान हलवून हो म्हणाला. मी रिपोर्ट लिहिला. तपासणीत साठपैकी सव्वीस कामावर आढळले. एकतीस जण स्वतः हजर झाले. तिघं सापडले नाहीत. हजर झालेल्यांपैकी एकोणीस जणांना यादीतल्या तारखेनुसार कामावर घेतलं. बाकीच्या बारा जणांचे स्वतःचे धंदे, नोकऱ्या आहेत, त्यांची नावं कमी केली. पंधरा जागा अजून रिकाम्या आहेत, त्या सहा महिन्यांत इथल्याच लोकांनी भरल्या तर प्रमाणपत्र पुढं चालू, नाहीतर रद्द. गुरुजींनी नाव कमी झाल्याचं लेखी मागितलं. मी लगेच देऊन टाकलं.

कारण दाखवा नोटिशीला मी उत्तर दिलं, की पहिली मुनादी शाईअभावी झाली आणि दुसरी हुकमानुसार. कारवाई झाली नाही. चार महिन्यांनी बदली झाली, थेट राजगढकडं, जिथं मला कोणी ओळखत नव्हतं आणि माझी मराठी कोणाला समजत नव्हती. माझ्या वार्षिक गोपनीय अहवालात साहेबांनी लिहिलं होतं : काम चांगलं, परंतु अनावश्यक प्रसिद्धी करतात. तो अहवाल गोपनीय होता. साहेबांच्या हेड क्लार्कनं मला फोनवर वाचून दाखवला.

बदलीच्या आधी एकदा मी त्या कारखान्यावरून गेलो होतो. गेटच्या भिंतीवर कामगारांची यादी काचेत लावलेली होती. मला वाटलं साहेबांनी हुकूम काढला असेल. मॅनेजर म्हणाला, हुकूम कसला, रोज सकाळी चार माणसं येऊन विचारतात माझं नाव आहे का, म्हणून लावून टाकली. नवीन भरती करताना तोही आता मतदार यादी उघडत नव्हता.

पुढं राजगढला आणि त्यानंतर जिथं जिथं गेलो, तिथं माफीची यादी हाती आली, की मी पहिलं काम एकच करत असे. शाई असो की नसो, त्या गावच्या कोटवाराला बोलावत असे. वरच्यांनी विचारलं तर म्हणायचो, तामील केली. सरकारनं एखाद्याच्या नावावर काही दिलं, तर ते त्याच्या कानावर घालायला कोणत्या नियमात मनाई आहे, ते मला निवृत्त होईपर्यंत कोणी दाखवलं नाही.

शेवंताबाई कामावर आली तो पहिला दिवस मात्र मी पाहिला आहे. टाइमकीपर नवा पोरगा होता. त्यानं कार्ड हातात घेतलं, तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "नवीन लागल्या का मावशी?"

"नाई," ती म्हणाली. "दोन सालाची जुनी आहो. तारीख पाहा."

त्यानं तारीख पाहिली आणि गेट उघडलं.